पैसे मागायलाही माणसं लागतात

समजा, एक छोटा बेटवजा देश आहे. तिथल्या पर्यावरण खात्यात पाच माणसं आहेत. त्यातल्या एकीकडे प्लॅस्टिकबंदीची फाइल आहे, संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं तिनेच लिहायची, परदेशातल्या हवामान परिषदांनाही तिनेच जायचं. उरलेल्या वेळात ती एका आंतरराष्ट्रीय निधीकडे पाठवायचा प्रस्ताव लिहिते. किनारा वर्षागणिक खचतोय, दोन वाड्या आत सरकवाव्या लागल्यात, आता संरक्षक बांध हवा, एवढीच मागणी.

निधीकडून उत्तर येतं. ही धूप समुद्राची पातळी वाढल्यामुळे होतेय, वाळूच्या उपशामुळे नाही, हे दाखवून द्या. भरती-ओहोटीच्या जुन्या नोंदी जोडा. बांधामुळे शेजारच्या किनाऱ्याचं काय होईल याचा अभ्यास जोडा. बायकांना आणि मच्छीमारांना काय फायदा-तोटा होईल ते स्वतंत्र आराखड्यात मांडा. खर्चाचा तपशील ठरलेल्या नमुन्यात भरा. नोंदींची वही शोधली तर मधली सहा-सात वर्षं कोरी. भरतीमापक बिघडला होता आणि तो दुरुस्त करणारा माणूस देशात नव्हता.

हे चित्र काल्पनिक आहे, पण प्रस्तावात मागितल्या जाणाऱ्या गोष्टी खऱ्या आहेत. हवामान बदलाच्या चर्चेत ‘कपॅसिटी बिल्डिंग’ हा शब्द सारखा कानावर येतो. मराठीत आपण ‘क्षमता बांधणी’ म्हणतो आणि ते ऐकून डोळ्यांसमोर उभी राहते हॉटेलातली कार्यशाळा, गळ्यात ओळखपत्र आणि शेवटी प्रमाणपत्र. मुळात त्याचा अर्थ त्या कोऱ्या पानांशी आहे. मापक कोण लावणार, नोंद कोण ठेवणार, त्या नोंदीवरून हिशेब कोण मांडणार आणि तो हिशेब पैसे देणाऱ्याला पटेल अशा भाषेत कोण लिहिणार? ही साखळी जिथे तुटते तिथे पैसा अडतो. आणि साखळी सांधायची तर आधी पैसा हवा. या एका गाठीभोवती सगळा विषय फिरतो.

आधी पैशाकडे पाहू.

1992 साली रिओ दि जानेरोच्या परिषदेत हवामान बदलाचा मूळ आंतरराष्ट्रीय करार स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला. जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, हे तत्त्व त्यात आलं. ज्या देशांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून संपत्ती उभी केली, त्यांनी बाकीच्यांच्या खर्चाला हातभार लावायचा. त्यामुळे या पैशाला ‘मदत’ म्हटलं की अनेक देशांचे प्रतिनिधी बिथरतात, आणि ते बरोबरच आहे. करारात हे देणं म्हणून लिहिलेलं आहे, दानधर्म म्हणून नाही.

किती द्यायचे हे मात्र बराच काळ कुठेच लिहिलेलं नव्हतं. 2009 साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत पहिल्यांदा आकडा आला: 2020 पर्यंत दरवर्षी 100 अब्ज डॉलर. अब्ज म्हणजे शंभर कोटी. श्रीमंत देशांच्या ‘ओईसीडी’ या संघटनेच्याच हिशेबाप्रमाणे हा आकडा पहिल्यांदा गाठला गेला 2022 साली, दोन वर्षं उशिरा, तेव्हा बेरीज 115.9 अब्ज भरली. त्यानंतर 2024 च्या बाकू परिषदेत नवं उद्दिष्ट ठरलं: 2035 पर्यंत वर्षाला किमान 300 अब्ज. शिवाय सरकारी, खासगी सगळे मार्ग धरून 1300 अब्जांपर्यंत जायची हाक. 300 चा आकडा मान्य झाल्याची हातोडी पडल्यावर त्याच सभागृहात अनेक विकसनशील देशांनी उघड नाराजी नोंदवली.

बेरजेच्या आत डोकावलं की आणखी दोन गोष्टी दिसतात. त्या 115.9 अब्जांतल्या सरकारी पैशापैकी जवळपास 70 टक्के रक्कम कर्जाऊ आहे. काही कर्ज सवलतीचं, काही जवळपास बाजारभावाचं. वादळाने घर पाडलं म्हणून शेजाऱ्याने पैसे दिले आणि व्याजासकट परत मागितले, तर त्याला भरपाई म्हणायचं का, हा प्रश्न इथे सारखा विचारला जातो. दुसरी गोष्ट व्याख्येची. ‘हवामान निधी’ कशाला म्हणायचं याची सगळ्यांना बांधील अशी एकच व्याख्या आजही नाही. देणारा देश स्वतःच लेबल लावतो. 2023 साली रॉयटर्स वृत्तसंस्थेने हे हिशेब उकरले, तेव्हा इटलीने आशियातल्या चॉकलेट-आइस्क्रीमच्या दुकानांना दिलेला पैसा आणि जपानने बांगलादेशातल्या कोळशाच्या वीज प्रकल्पाला दिलेलं कर्जही हवामानाच्या खात्यात मांडलेलं सापडलं. यात नियमभंग नव्हता, कारण मोडायला नियमच नव्हता.

पैसा कुठल्या कामाला जातो त्यातही तिरपागडं आहे. सौरऊर्जेचं शेत उभारलं की वीज विकून कर्ज फिटतं, म्हणून उत्सर्जन कमी करण्याच्या कामांना पैसा त्यामानाने सहज मिळतो. संरक्षक बांधातून, पुराच्या इशाऱ्याच्या यंत्रणेतून किंवा दुष्काळात तग धरणाऱ्या बियाण्यातून रोख उत्पन्न निघत नाही. म्हणून बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामांना, म्हणजे अनुकूलनाला, पैसा कमी पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार 2022 साली विकसनशील देशांत अनुकूलनासाठी सुमारे 28 अब्ज डॉलर सरकारी आंतरराष्ट्रीय पैसा आला. याच दशकातली गरज त्यांनीच मांडलीय वर्षाला 215 ते 387 अब्ज.

निधीची दारं

हा पैसा बऱ्याच वाटांनी जातो. बराचसा एका देशाकडून दुसऱ्याकडे थेट, काही जागतिक बँकेसारख्या बँकांमार्फत. पण देशांनी स्वतः दार ठोठवावं म्हणून खास निधीही काढले गेले. 1991 साली सुरू झालेली जागतिक पर्यावरण सुविधा, 2001 साली ठरलेला अनुकूलन निधी आणि सगळ्यांत मोठा म्हणजे हरित हवामान निधी. हा शेवटचा 2010 च्या कानकुन परिषदेत स्थापन झाला, त्याचं मुख्यालय दक्षिण कोरियातल्या इंचॉन शहरातल्या सोंग्डो भागात आहे. हवामानाने केलेल्या हानी-नुकसानीसाठीचा वेगळा निधी 2022 साली शर्म अल-शेखच्या परिषदेत मान्य झाला, पुढच्या वर्षी दुबईत त्यासाठी सुमारे 70 कोटी डॉलर जाहीर झाले. एखादं मोठं चक्रीवादळ एका देशात यापेक्षा जास्त नुकसान एका रात्रीत करून जातं, त्यामुळे या निधीवर आत्ताच फार काही लिहिण्यात अर्थ नाही.

या दारांतून आत जायला मान्यता लागते. हरित हवामान निधी थेट सरकारच्या हातात पैसे ठेवत नाही. तो आधी संस्था तपासतो: हिशेब कसे ठेवता, लेखापरीक्षण कोण करतं, टेंडर कसं काढता, लाच मागितल्याची तक्रार आली तर काय करता, प्रकल्पामुळे कुणी विस्थापित झालं तर त्याचं ऐकून घ्यायची सोय आहे का. हे सगळं कागदोपत्री असून भागत नाही, मागच्या काही वर्षांत ते वापरल्याचे पुरावे लागतात. लाच-तक्रारीची व्यवस्था आहे म्हणता, मग आलेल्या तक्रारींची नोंदवही दाखवा. एकही तक्रार आली नसेल तर तेही संशयास्पद! ही मान्यता मिळवायला अनेक राष्ट्रीय संस्थांना दोन वर्षांहून जास्त लागली. त्यानंतर प्रत्येक प्रकल्पाच्या प्रस्तावाची फेरी वेगळी. ती 24 महिन्यांवरून 9 महिन्यांवर आणू असं निधीने आता जाहीर केलंय.

ज्यांच्याकडे अशी संस्था नाही त्यांनी काय करायचं? संयुक्त राष्ट्रांची एखादी संस्था किंवा आंतरराष्ट्रीय बँक मध्यस्थ म्हणून घ्यायची. बहुतांश पैसा आजही याच वाटेने जातो. काम होतं, कधी उत्तम होतं. पण मध्यस्थाचं शुल्क असतं (अनुकूलन निधीत त्याची मर्यादा 8.5 टक्के आहे), आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रस्ताव लिहायचं, राबवायचं, हिशेब द्यायचं कसब त्या मध्यस्थाकडेच साचत जातं. पुढच्या वेळी देश पुन्हा त्याच्याच दारात.

ही कोंडी फोडायचा पहिला प्रयत्न अनुकूलन निधीने केला. देशातल्या संस्थेने मध्यस्थाशिवाय थेट पैसे घ्यावेत अशी सोय त्याने ठेवली. 2010 साली अशी मान्यता मिळवणारी जगातली पहिली राष्ट्रीय संस्था सेनेगलची होती, डकारमधलं पर्यावरण निरीक्षण केंद्र. रुफिस्क, साली आणि जोआल या किनारी भागांतली धूप रोखायला त्यांनी सुमारे 86 लाख डॉलर आणले. आंतरराष्ट्रीय हिशेबात ही रक्कम किरकोळ. पण या केंद्राचं मूळ काम होतं उपग्रहचित्रांवरून कुरणांची आणि जमिनीची नोंद ठेवणं. म्हणजे प्रस्ताव लिहायच्या कितीतरी वर्षं आधीपासून तिथे मोजणारी माणसं पगारावर होती. आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं.

ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन निधीचीही गोष्ट अशीच, फक्त आकार प्रचंड. 2008 साली तो सुरू झाला आणि जंगलतोड कमी झाल्याचं दिसलं की पैसे, अशा बोलीवर एकट्या नॉर्वेने एक अब्जाहून अधिक डॉलर देऊ केले. ही बोली शक्य झाली कारण ब्राझीलची स्वतःची अंतराळ संशोधन संस्था 1988 पासून दरवर्षी उपग्रहावरून अ‍ॅमेझॉनमधली तोड मोजत आणि आकडे जाहीर करत होती. 2019 साली तिथल्या सरकारने निधीची कारभार पाहणारी समितीच बरखास्त केली, पैसा गोठला, 2023 च्या जानेवारीत पुन्हा वाहू लागला. मधल्या काळात उपग्रहाची मोजणी चालू होती, म्हणून धागा तुटला नाही.

कार्यशाळा संपल्यावर काय उरतं

2001 साली माराकेशच्या हवामान परिषदेत क्षमता बांधणीची चौकट ठरली. मग 2015 च्या पॅरिस करारात तिला स्वतंत्र कलम मिळालं, कलम 11. त्यात स्पष्ट म्हटलंय की ही बांधणी देशाच्या स्वतःच्या गरजेतून निघावी आणि देशाच्या हाताखाली राहावी. देखरेखीला एक समितीही आहे. कागदावर सगळं नीट आहे.

प्रत्यक्षात बऱ्याचदा घडतं ते असं. ‘तयारी’ नावाखाली दोन-तीन वर्षांचं अनुदान मंजूर होतं. हरित हवामान निधीच अशी अनुदानं देतो, आणि कल्पना चांगलीच आहे. त्या अनुदानातून बाहेरचा कन्सल्टंट येतो. तो तीन आठवडे राहतो, दहा अधिकाऱ्यांना भेटतो, दीडशे पानांचा अहवाल लिहितो. अहवाल उत्तम इंग्रजीत असतो, खात्यातल्या निम्म्या लोकांना तो पूर्ण वाचणं जड जातं. ज्या एका तरुण अधिकाऱ्याला या सगळ्यात खरंच शिकायला मिळालं, त्याला वर्षभरात एखादी आंतरराष्ट्रीय संस्था तिप्पट पगारावर उचलते. त्याला दोष कसा द्यायचा? अनुदान संपतं, आणि पुढच्या टप्प्यासाठी नवा कन्सल्टंट पहिल्या कन्सल्टंटचा अहवाल वाचून कामाला लागतो. उंटावरून शेळ्या हाकायचा हा प्रकार आहे. फरक इतकाच की उंटाचं भाडं शेळ्यांच्या खात्यातून जातं.

यावर माझं मत सरळ आहे. प्रशिक्षणांची संख्या मोजण्यापेक्षा खात्यात किती कायमची पदं निर्माण झाली आणि पाच वर्षांनी त्या पदांवर कोण बसलंय, ते मोजावं. एक साधं टेबल, त्यावर एक माणूस, त्याचा पगार देशाच्या अंदाजपत्रकातून, आणि तो बदलून गेला तर त्याच्या जागी बसणाऱ्यासाठी नीट लावलेल्या फाइली. देणाऱ्यांना हे आवडत नाही, कारण पगार हा ‘चालू खर्च’ आणि तो प्रकल्पात बसत नाही. पुलाचं उद्घाटन होतं, लिपिकाच्या टेबलाचं होत नाही.

हे टेबल नक्की काय करतं? पॅरिस करारानुसार देशांनी दर दोन वर्षांनी आपल्या उत्सर्जनाचा आणि प्रगतीचा अहवाल द्यायचा असतो. पहिल्या फेरीची मुदत होती 31 डिसेंबर 2024. सर्वांत गरीब आणि छोट्या बेटांच्या देशांना त्यात सूट आहे. उत्सर्जन काही मीटर लावून मोजत नाहीत. देशात किती सिमेंट बनलं, किती डिझेल जळलं, किती गाई-म्हशी आहेत, हे आकडे घ्यायचे आणि प्रत्येकाला ठरावीक गुणक लावायचा. एक गाय वर्षाला साधारण इतका मिथेन, गुणिले गाईंची संख्या. गुणाकार चौथीतला मुलगाही करील. अवघड आहे ते गाईंची संख्या मिळवणं. ती पशुसंवर्धन खात्याकडे आहे, शेवटची गणना जुनी आहे, डिझेलचे आकडे सीमाशुल्क खात्याकडे आहेत, सिमेंट कंपनी म्हणते हे आमचं व्यावसायिक गुपित. या तीन दारांत जाऊन दरवर्षी आकडे आणायचा अधिकार त्या टेबलावरच्या माणसाला कुणी दिलाय का? सहसा नाही. क्षमता म्हणजे कसब, हे तर आहेच, पण त्याहून जास्त ती अधिकाराची गोष्ट आहे. पर्यावरण खात्याचं पत्र बाकीची खाती बाजूला ठेवतात, अर्थखात्याचं ठेवत नाहीत.

म्हणूनच गेल्या दहा वर्षांत हा विषय हळूहळू अर्थमंत्र्यांच्या दालनात शिरतोय. 2015 साली लिमा इथे हवामानाची सर्वाधिक झळ बसणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांनी आपला गट काढला, सुरुवातीच्या वीस सदस्यांमुळे त्याला ‘व्ही-20’ म्हणतात. नेपाळने तर त्याआधीच, 2012-13 च्या अंदाजपत्रकापासून, हवामानाशी संबंधित प्रत्येक खर्चाला वेगळा संकेतांक लावायला सुरुवात केली. ऐकायला हे कारकुनी वाटतं. पण आपण स्वतः हवामानावर किती खर्च करतो हेच ज्या देशाला माहीत नाही, तो बाहेरच्यांकडे कमी पडणारी रक्कम कशी मागणार?

काही देश बाहेरच्या पैशाची वाट पाहत बसले नाहीत. बांगलादेशाने 2009-10 मध्ये आपल्याच अंदाजपत्रकातून हवामान न्यास निधी उभा केला आणि पहिल्या तीन वर्षांत त्यात सुमारे 30 कोटी डॉलर टाकले. फिलिपिन्सने 2012 साली कायदा करून गावा-शहरांना अनुकूलनासाठी पैसे द्यायला एक अब्ज पेसोंचा निधी ठेवला. आणि इथे गंमत पाहा. पैसा घरचा, देणारं सरकार आपलं, तरीही पुढची कित्येक वर्षं त्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच प्रकल्प मंजूर झाले. छोट्या नगरपालिकांना धोक्याची आकडेवारी आणि तांत्रिक कागद जोडता येईनात. सोंग्डोच्या दारात लहान देशाची जी गत होते, तीच राजधानीच्या दारात लहान गावाची झाली. कुलूप तेच, फक्त आतल्या दाराला.

दोन्ही दारांवर कुलूप थोडं सैल करायचे प्रयत्न चालू आहेत. हरित हवामान निधीने छोट्या, कमी जोखमीच्या प्रस्तावांसाठी सोपी वाट काढली आणि 2022 साली तिची मर्यादा निधीच्या वाट्यापुरती 1 कोटी डॉलरवरून अडीच कोटींवर नेली. जुन्या नोंदी नसलेल्या देशांनी उपलब्ध असलेली उत्तम माहिती आणि स्थानिकांचं पारंपरिक ज्ञानही पुराव्यात वापरावं, असंही त्याच वर्षी मान्य झालं. हवामान केंद्रं चालू ठेवायला जागतिक हवामान संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांसोबत 2021 साली वेगळा निधी काढला. त्याची खासियत ही की यंत्र बसवून तो हात झटकत नाही, यंत्रातून रोज आकडे येत राहावेत यासाठी पैसे देतो. सुरुवातीच्या त्या वहीतली कोरी पानं अशाच पैशाने भरतात.

आतल्या दाराचं म्हणाल तर केनियाच्या उत्तरेकडच्या इसिओलो परगण्यात एक वेगळी पद्धत बसवली गेली. पैसा परगण्याकडे आला, पण तो कशावर घालायचा हे वॉर्डातल्या लोकांनी निवडलेल्या समित्यांनी ठरवायचं होतं. कोरडा, गुराख्यांचा मुलूख. लोक बोअरवेल आणि तळी मागतील असा सगळ्यांचा अंदाज होता, आणि तळी मागितलीही. पण त्याच्या जोडीला बोराना समाजातल्या समित्यांनी पैसा मागितला तो आपल्या ‘देधा’साठी. देधा म्हणजे कुठलं कुरण कधी उघडायचं, दुष्काळासाठी कुठलं राखायचं, बाहेरून आलेल्या कळपांना पाणी किती द्यायचं हे ठरवणारी त्यांच्या वडीलधाऱ्यांची जुनी पंचायत. अंतरं मोठी आणि प्रवासाला पैसे नाहीत म्हणून तिच्या बैठका रोडावल्या होत्या. त्यांना हवा होता वडीलधाऱ्यांनी एकत्र जमण्याचा खर्च, बाकी काय करायचं ते त्यांना माहीत होतं.